सगळी वैरण कुट्टी करून घातली तर?

पत्र: आमच्याकडे दोन जनावरं आहेत. एक १२ वर्षांचा खच्ची केलेला घोडा, वजन अंदाजे ३८० किलो, रोज तास-दीड तास रपेट. दुसरी २२ वर्षांची घोडी, ३४० किलोच्या आसपास, आता काम नाही. घोड्याला रोज ३ किलो अख्खे ओट आणि १ किलो गव्हाचा कोंडा दोन वेळांत विभागून देतो. तो ही चंदी (दाण्याचं खाणं) न चावता गिळतो आणि लिदीत दाणे दिसतात. घोडी गवत चघळते आणि त्याचे ओले बोळे करून टाकते. लांब वैरण पायाखाली जाऊन फार नासते, म्हणून वैरणीचे बारीक तुकडे करणारं, विजेवरचं कुट्टी यंत्र घेतलं. आता सगळीच वैरण कुट्टी करून पोत्यांत भरून ठेवावी असं मनात आहे. पण महिन्यापूर्वी भरलेल्या पोत्यांना कुबट वास येतोय. ती वाळवून घातली तर चालेल का? शेतात संकरित नेपियर गवत आहे, त्याची कुट्टी घोड्यांना चालेल का?

उत्तर: आधी त्या कुबट पोत्यांचं बोलू, कारण ते काम आजच करायचं आहे. ती कुट्टी घोड्यांपुढे जाऊ देऊ नका. उन्हात पसरलीत तर वास उडेल, पण बुरशीचे बीजाणू आणि बुरशीने सोडलेलं विष तसंच राहील. बीजाणू छातीत गेले की घोड्याला कोरडा खोकला लागतो, पुढे धाप लागते, आणि हा दम्यासारखा विकार एकदा जडला की तो जन्मभर सांभाळत बसावा लागतो. त्या पोत्यांत मक्याचा कडबा किंवा कणसं असतील तर धोका आणखी मोठा. मक्यावरच्या बुरशीत फ्युमोनिसिन नावाचं विष असू शकतं. त्याने घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग सडून पाण्यासारखा होतो आणि त्यावर उतारा नाही. जे गाईला पचून जातं ते घोड्याला पचेलच असं नाही, हे चाऱ्याच्या बाबतीत कायम ध्यानात ठेवा. पोती थेट खताच्या खड्ड्यात रिकामी करा आणि ते करताना नाकातोंडाला फडकं बांधा, कारण ती धूळ माणसालाही बाधते.

आता मूळ प्रश्न. सगळी वैरण कुट्टी करू नका.

घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, पोटात चारा असो वा नसो. ते शमवणारी लाळ मात्र फक्त चावताना सुटते. एक किलो लांब वाळकं गवत संपवायला घोड्याला साधारण ४० मिनिटं लागतात आणि तो ३,००० हून जास्त वेळा जबडा हलवतो. एक किलो ओट तो दहाएक मिनिटांत फस्त करतो. कुट्टी या दोघांच्या मधली. चंदीत मिसळली तर चंदी खाण्याचा वेळ वाढतो, पण लांब वैरणीच्या जागी घातली तर चारा लवकर संपतो. मग रिकाम्या पोटी ताटकळलेला घोडा लाकूड कुरतडतो, माती चाटतो, शेजारच्याची लीद खातो आणि जठरात व्रण होतात. म्हणून कुट्टीची जागा चंदीसोबत. मुख्य पोट लांब वैरणीनेच भरायचं.

नासाडीवर उपाय आहे. ३ ते ४ सेंटिमीटर भोकांची जाळी घ्या, तीत गवत भरा आणि जाळी मान सहज खाली जाईल अशा उंचीवर बांधा. मात्र घोड्याच्या पायांना नाल असतील तर लोंबती जाळी नको, खूर अडकतो. अशा वेळी जाळी लाकडी पेटीच्या कडांना घट्ट आवळून पेटी जमिनीवर ठेवा. एकेक काडी ओढून खावी लागल्यामुळे खाण्याचा वेळही वाढतो.

तुमच्या घोड्याचा हिशेब असा. दिवसाला वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा ही खालची मर्यादा, दोन टक्के असेल तर उत्तम. ३८० किलोच्या घोड्याला म्हणजे वाळकं गवत साडेसहा किलोपेक्षा कमी कधीच नको, साडेआठ किलोपर्यंत असू द्या. त्यातला एक ते दीड किलो भाग कुट्टीच्या रूपात चंदीबरोबर जाईल, बाकी सगळं लांब. हे तराजूवर मोजा. घमेल्याच्या मापावर विसंबलात की फसगत होते, कारण घमेलंभर ओट आणि घमेलंभर कुट्टी यांच्या वजनात तिप्पट-चौपट फरक पडतो. ‘दोन घमेली कुट्टी घातली’ असं म्हणणाऱ्याच्या घोड्याच्या पोटात कित्येकदा किलोभरही चारा गेलेला नसतो.

चंदी दोनऐवजी तीन वेळांत द्या, एका वेळी एक किलो ओट. एका वेळच्या खाण्यात शरीराच्या दर किलो वजनामागे २ ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च जाऊ नये, आणि व्रणांची शंका असेल तर १ ग्रॅमच्या आसपास थांबलेलं बरं. ओटमध्ये ४० ते ४५ टक्के स्टार्च असतो. म्हणजे सध्या दीड किलोच्या एका खेपेत तुम्ही पावणेदोन ग्रॅमपर्यंत पोचता, शिवाय कोंड्यातला स्टार्च वेगळा. एक किलोच्या खेपेत ते प्रमाण सव्वा ग्रॅमच्या आत येतं. रोजची रपेट संथ असेल तर ३ किलो ओटची गरज तरी आहे का, हेही तपासून पाहा. बरगड्या हाताला लागत असतील पण डोळ्यांना दिसत नसतील, तर ओट हळूहळू कमी करून वैरण वाढवायला हरकत नाही.

दर किलो ओटमध्ये ३०० ते ४०० ग्रॅम कुट्टी मिसळा आणि वर अर्धा लिटर पाणी शिंपडून हाताने कालवा. हे पाणी टाळू नका. कोरड्या मिश्रणात जड दाणे तळाला जातात, आणि घोड्याचे ओठ इतके तरबेज असतात की तो कुट्टी बाजूला सारून नेमके दाणे वेचतो. ओल्या कुट्टीला दाणे चिकटून राहतात आणि धूळही बसते. तरीही तो अधाशासारखा खात असेल तर गव्हाणीत दोन-तीन मोठे गुळगुळीत दगड ठेवा, तोंडात मावणार नाहीत इतके मोठे. दगडांच्या फटीतून शोधून खाताना घाई आपोआप कमी होते.

लिदीत दिसणारे दाणे हातात घेऊन चिमटीत दाबून पाहा. नुसतं रिकामं टरफल असेल तर चिंता नाही, आतला गर पचलेला आहे. टरफलाच्या आत पांढरा गर शाबूत असेल तर दाढांना धारदार कंगोरे आलेले असण्याची शक्यता मोठी. डॉक्टरांकडून दात तपासून घासून घ्या, कुट्टी त्यानंतरची गोष्ट.

गव्हाचा कोंडा मात्र बंद करायच्या मार्गाला लागा. एक किलो कोंड्यात ११ ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो आणि कॅल्शियम जेमतेम एक-दीड ग्रॅम. घोड्याला हे प्रमाण उलटं लागतं. एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट हवं आणि कुठल्याही परिस्थितीत फॉस्फरसहून कमी नको. ते कमी पडलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम उपसू लागतं. आधी कारण न कळणारं लंगडणं, आखडलेली चाल, मग चेहऱ्याची हाडं दोन्ही बाजूंनी सुजल्यासारखी फुगतात. ओटमध्येही फॉस्फरसच वरचढ, त्यात किलोभर कोंडा म्हणजे तराजू पूर्ण कललेला. वाळवलेल्या लसूणघासाच्या (लुसर्नच्या) एक किलो कुट्टीतून १२ ते १५ ग्रॅम कॅल्शियम मिळतं, फॉस्फरस दोन-तीन ग्रॅम. म्हणून तुमच्या घोड्याच्या एक-दीड किलो कुट्टीपैकी निम्म्याहून अधिक लसूणघास असू द्या आणि उरलेली गवताची किंवा ओटच्या पेंढ्याची. रपेटीआधी अर्धा तास यातलीच ३०० ग्रॅम कुट्टी, चंदीशिवाय, नुसती द्या. धावताना जठरातलं आम्ल वर उसळतं. जठराच्या वरच्या भागाला संरक्षक अस्तर नसतं, तिथे हा चाऱ्याचा थर आडवा येतो.

नेपियरचं उत्तरही इथेच आहे. नेपियर, सेटारिया, किकुयू, गिनी गवत यांत ऑक्झलेट भरपूर असतं. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि घोड्याच्या आतड्यात ते कॅल्शियम शोषलं जात नाही. गाईच्या पोटातले जंतू ऑक्झलेट मोडतात, म्हणून गाय त्यावर पोसली जाते आणि घोडा त्याच गवतावर काही महिन्यांत हाडांनी खचतो. तोंडी लावण्यापुरतं नेपियर, लसूणघासाच्या सोबतीने, चालेल. मुख्य वैरण म्हणून नको. ज्वारीचा आणि सुदान गवताचा हिरवा चाराही घोड्याला देऊ नका. त्याने मूत्राशय सुजतं, मागचा भाग लुळा पडतो, आणि तो पुन्हा पूर्ण सुधारेलच असं नाही.

कशाची कुट्टी करावी, यापेक्षाही कुट्टी करण्याआधी वैरण पाहणं महत्त्वाचं. लांब पेंढीत विषारी झुडूप आलं असेल तर ते दिसतं, घोडाही बहुतेक वेळा ते बाजूला सारतो. यंत्रातून निघाल्यावर पानं, काड्या, तण सगळं एकसारखं होतं आणि निवडायला ना तुम्हाला वाव राहतो ना घोड्याला. कण्हेरीची मूठभर पानं घोड्याचं हृदय बंद पाडतात, आणि वाळली तरी तितकीच विषारी. एरंडाच्या बिया, खुळखुळ्याच्या शेंगा, गाजर गवत हे बांधावरचं सगळं कापणीत सहज येतं. लसूणघासाच्या फुलोऱ्यावर काही वेळा लांबट, मऊ अंगाचे भुंगेरे बसतात, ज्यांना चिरडलं की कातडीवर फोड येतात. ते चाऱ्यासोबत वाळले तरी त्यांचं विष टिकतं आणि थोड्या भुंगेऱ्यांनीही घोडा दगावतो. म्हणून लसूणघास फुलोऱ्यावर येण्याआधी कापलेला घ्या. त्यात प्रथिनंही जास्त मिळतात.

यंत्रात जाणारी प्रत्येक पेंढी सोडून, झटकून, उलटून पाहा. तार, सुतळी, प्लास्टिक काढून टाका. मेलेला उंदीर किंवा साप दिसला तर तेवढीच पेंढी काढून भागत नाही, त्याच्या आजूबाजूची वैरणही टाकावी लागते. कुजलेल्या जनावरात वाढणाऱ्या जंतूंचं विष घोड्याला लुळं करून मारतं, आणि यंत्र एका कलेवराचे तुकडे पोतंभर कुट्टीत पसरवतं. कुट्टी बाहेर पडते तिथे एक जाड लोहचुंबक बांधून ठेवा. आठवड्याने त्याला काय चिकटलंय ते बघाल तेव्हा तो कधीच काढणार नाही.

तयार कुट्टी घ्यायची वेळ आली तर ओंजळभर घेऊन नाकाशी न्या. वास गोडसर, वाळल्या गवताचा हवा. कुबट, आंबूस किंवा तंबाखूसारखा भाजका वास आला तर नको. मग ती काळ्या फडक्यावर झटका. पांढरी-करडी भुकटी उडाली तर ती बुरशी किंवा धूळ. शेवटी बादलीभर पाण्यात दोन मुठी टाकून ढवळा आणि पाच मिनिटं थांबा. कुट्टी तरंगेल, वाळू आणि खडे तळाशी बसतील. तळाला चिमूटभरापेक्षा जास्त वाळू दिसली तर तो माल सोडून द्या, आतड्यात साठलेली वाळू पोटशूळ आणते. लसूणघासाच्या कुट्टीत पानं शाबूत आहेत का तेही बघा. बहुतेक प्रथिनं पानांत असतात, आणि फार वाळून पानं झडलेली असतील तर तुमच्या हाती नुसत्या काड्या आणि तळाची भुकटी येते. गूळपाण्याची मळी लावलेली कुट्टी चकचकीत दिसते आणि घोड्यांना आवडते, पण मळीखाली जुनाट माल दडवता येतो. खुरांचा दाह होऊन गेलेल्या किंवा स्थूल घोड्याला ती देऊच नये.

गव्हाच्या पेंढ्याची कुट्टी पोट भरते, पोसत नाही. एकूण चाऱ्याच्या पाव भागापर्यंत ठीक. नुसत्या पेंढ्यावर ठेवलेल्या घोड्यांत जठराचे व्रण वाढतात आणि पाणी कमी पडलं तर आतड्यात गोळा अडकतो. जवाच्या पेंढ्याची कुसळं हिरड्यांत रुततात, म्हणून तो टाळाच.

यंत्राचं सांगायचं तर, ते गाईंसाठी लावलेलं असेल आणि एक सेंटिमीटर किंवा त्याहून बारीक कापत असेल. इतकी बारीक कुट्टी घोडा न चावताच गिळतो, मग ती घशात किंवा आतड्यात अडकते. अडीच ते चार सेंटिमीटर लांबी ठेवा. दातेरी चाकं बदलून वैरण आत ओढण्याचा वेग वाढवला की लांबी वाढते. ती सोय नसेल आणि चाकाला चार पाती असतील तर समोरासमोरची दोन काढा, लांबी दुप्पट होईल. एकच पातं काढलंत तर चाकाचा तोल जाऊन यंत्र थरथरेल आणि उरलेली पाती सुटून उडायची भीती. पात्यांना धार हवी, आणि पातं व खालची पट्टी यांतली फट जाड कागद जेमतेम सरकेल इतकीच. बोथट पातं काडी कापत नाही, चिरडतं. मग लांब धागे आणि भुकटी एकत्र निघते, घोडा धागे सोडून देतो आणि भुकटी नाकात जाते. वैरण आत सारायला लाकडी दांडा वापरा, हात कधीही नाही.

साठवण का बिघडली त्याचं कारण बहुधा एकच: वैरण पुरती वाळण्याआधी कापली गेली. कुट्टीत १२ ते १४ टक्क्यांपेक्षा जास्त ओल राहू नये. काडी पिळल्यावर कट्कन मोडली तर वाळली, वळली आणि चिवटपणे टिकली तर अजून दोन दिवस पसरवा. लसूणघासाचं पान आधी वाळतं, देठ मागे राहतो, म्हणून जाड देठ नखाने दाबून पाहा. नख ओलं झालं तर थांबा. आणि महिन्याची कुट्टी एकदम करूच नका. वैरण लांबच साठवा, कापा आठवड्यापुरती. कापल्यावर प्रत्येक काडीची दोन्ही टोकं उघडी पडतात, ती हवेतली ओल ओढतात. पावसाळी हवेत तर चार-पाच दिवसांचीच करा.

प्लास्टिकच्या बंद पिशव्यांपेक्षा तागाची पोती बरी, ओल आत कोंडत नाही. पोती जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर उंच लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि आधी भरलेलं आधी संपवायचं. पोतं रिकामं झालं की झटकून उन्हात घाला. मगच नवी कुट्टी भरा, जुन्यावर नवी ओतायची नाही. गंजीत किंवा मोठ्या ढिगात लोखंडी सळई खुपसून वीस मिनिटांनी काढा. गार असेल तर ठीक, कोमट लागली तर ढीग लगेच मोडून पसरा, हातात धरवत नसेल तर तिथे आग लागू शकते. आणखी एक, गाईंचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्याच्या कुट्टीजवळ ठेवू नका. त्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाय ते पचवते, घोड्याच्या हृदयाला त्याची अगदी थोडी मात्राही घातक ठरते. एकच घमेलं दोन्हीकडे फिरवलं तरी भीती आहे.

आता घोडी. चघळून बोळे टाकणं म्हणजे दाढा झिजल्या आहेत किंवा दुखत आहेत. तिला कुट्टी दिली की बोळे पडायचे थांबतात, त्यामुळे आपल्याला वाटतं प्रश्न सुटला. प्रत्यक्षात ती न चावलेले अडीच सेंटिमीटरचे तुकडे गिळत असते. तिची लीद पाण्यात कालवून पाहा. अर्ध्या सेंटिमीटरहून लांब काड्या बऱ्याच दिसल्या तर चावणं होत नाहीये. दात दर सहा महिन्यांनी तपासा. आहारात तिला लांब गवत आणि पेंढ्याची कुट्टी दोन्ही नकोत. गवताच्या आणि लसूणघासाच्या कांड्या, म्हणजे पेलेट्स, दुप्पट-तिप्पट पाण्यात भिजवून लापशीसारख्या मऊ करून द्या. ३४० किलोच्या घोडीला कोरडं वजन रोज ५ ते ७ किलो, कमीत कमी चार-पाच खेपांत, शेवटची रात्री उशिरा. मऊ पानांची कुट्टी त्यात मूठभर मिसळली तर हरकत नाही, पण तीही भिजवूनच. उन्हाळ्यात भिजवलेलं खाद्य काही तासांत आंबतं, उरलेलं काढून गव्हाण धुवा.

दोघांचाही बदल दहा ते चौदा दिवसांत करा. जुनं रोज थोडं कमी, नवं थोडं जास्त. कोंडाही याच गतीने काढा, एकदम नाही. पाणी सतत समोर हवं. दर १०० किलो वजनामागे दिवसाला ५ लिटर हा थंड हवेतला किमान आकडा, उन्हात आणि कामाच्या दिवशी दुपटीपर्यंत जातो. घोड्याच्या चंदीत रोज २० ते ३० ग्रॅम मीठ घाला, म्हणजे तो पाणीही पितो.

या दिवसांत लीद कमी पडली, सुकी आणि गोट्यांसारखी झाली, घोडा पोटाकडे वळून पाहू लागला, पुढच्या पायाने जमीन उकरू लागला किंवा लोळू लागला तर खाणं काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. घास अडकला तर खुणा वेगळ्या. मान ताणलेली, खोकला, आणि दोन्ही नाकपुड्यांतून लाळेत मिसळलेला चारा. अशा वेळी चारा आणि पाणी दोन्ही दूर करा, डोकं खाली राहील असं शांत उभं करा आणि डॉक्टर येईपर्यंत तोंडात पाणी, तेल काहीही ओतू नका. ते घशाऐवजी थेट फुप्फुसात जातं.